पानाची डावी बाजू

आमच्या घरी पानाची डावी बाजू रिकामी ठेवलेली चालत नाही. वर मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी आणि आमटी. सुनेला हे मीच शिकवलं, तेही डोळे वटारून. ग्वाल्हेरच्या हिंदीत वाढलेली पोरगी ती. म्हणायची, "आई, थाळीत कुठेही ठेवलं तरी जाणार तर पेटमध्येच ना?" मी म्हणायची, "जाईल पोटात, आधी डोळ्यांना तर दिसू दे."

माझ्या मेंदूत रक्तस्राव झाला तो सकाळी, चहा गाळताना. डोक्यात काहीतरी कडाडलं, गाळणी हातातून सुटली आणि मी ओट्याशीच कोसळले. आम्ही ग्वाल्हेरातच, सिटी सेंटर भागात राहतो, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, म्हणून वाचले. प्रेशर वाढून मेंदूच्या उजव्या भागातली नस फुटली होती. शुद्धीवर आले तर गादीवर माझ्या शेजारी कुणाचा तरी हात पडलेला. मी नर्सवर खेकसले, "ये किसका हाथ है? हटाइए इसे!" तो माझाच डावा हात होता. बांगडीसुद्धा माझीच.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: गोळी एकही चुकवायची नाही, रोज प्रेशर मोजायचं, मीठ कमी, लोणचं-पापड बंद. आणि मग म्हणाले, "दोबारा ऐसा हुआ तो मैं कुछ नहीं कह सकता." मी फार भित्री बाई नाही, पण त्या दिवसापासून गोळ्यांची डबी उशाशी ठेवली.

सुनेने पानातलं मीठ बंद केलं. पण डावी बाजू मोकळी कशी ठेवणार? सासूचा धाक! म्हणून ती नावापुरती लोणच्याची एक फोड, जराशी चटणी, काकडीची कोशिंबीर वाढायची. मी त्यातल्या कशालाही शिवायची नाही. मग काय, घरभर माझं कौतुक. "आईंनी तर कमालच केली, लोणच्याकडे बघतपण नाहीत." गावातल्याच हजीरा भागातून माझ्या जाऊबाई भेटायला आल्या, तर त्यांनाही तेच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "हिची बोटं बरणीतून निघायची नाहीत, आणि ही लोणचं सोडते? नवलच!"

मी आतल्या आत धुमसत होते. ही बया मला नुसती भाजी-पोळी घालते आणि वर चारचौघांत टोमणे मारते, असं वाटायचं. पण तोंडाने मागायचं नाही, हे ठरवलं होतं. मागून खाणं माझ्या स्वभावातच नाही.

एके दिवशी सून माहेरी गेली होती आणि यजमानांनी पान वाढलं. या माणसाने जन्मात कधी कुणाचं पान वाढलेलं नाही. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या डाव्या हाताला डावी बाजू धरून मोकळे झाले. सगळं उलटं. माझ्या उजव्या हाताशी चक्क कैरीचं लोणचं, बडीशेप-कलौंजी घातलेलं, मीच केलेलं. मी फोड उचलली आणि तोंडात टाकली.

"अगं, अगं! तू लोणचं सोडलंयस ना?"

"कुणी सांगितलं? तुमची सून वाढतच नाही मला."

"रोज वाढते. मी रोज बघतो."

"बघा बरं! आणि आज भाजी कुठाय? आमटी विसरलात वाटतं?"

त्यांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी ताट अर्धं फिरवलं. भाजी आली. आमटीची वाटी आली. लोणचं गेलं. मी म्हटलं, "परत फिरवा." लोणचं आलं, आमटी गेली. आम्ही दोघं म्हातारे ते ताट फिरवत बसलो आणि जेवण राहिलं बाजूला.

डॉक्टरांनी तपासलं, तर डोळे ठणठणीत होते. मेंदूनेच जगाची डावी बाजू बंद केली होती, आणि बंद केलीय हेही मला कळू दिलं नव्हतं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला मी, आणि माझ्या नकाशातली अख्खी पश्चिम दिशा गायब! दाराची डावी चौकट रोज खांद्याला का लागते, ते तेव्हा कळलं. बाई गं, केवढं अजब यंत्र घेऊन आपण फिरतो! मला भीती वाटायला हवी होती, पण मी थक्क झाले होते.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच घास घ्यायचा. मी चिडायची, चमचा आपटायची, पण वळवायची. गोळ्या, प्रेशरचं मशीन आणि ती लाल पट्टी, यातच उन्हाळा गेला आणि पावसाळा सरत आला.

गणपती बसले त्या दिवशी पंगतीत मलाही साग्रसंगीत पान वाढलं. चांदीचं ताट, पट्टी नव्हती. मी आमटी-भात कालवत होते आणि सहज, कुणी न सांगता, नजर पलीकडे गेली. लिंबाची फोड. हिरवी चटणी. कोशिंबीर. आणि तिच्या खालच्या बाजूला तेलात चमचमणारं लोणचं. सगळं आपापल्या जागी. मला रडूच फुटलं.

सून धावत आली. "काय झालं आई? काही हवंय?"

"सगळं आहे गं," मी म्हटलं. "नीट वाढलंयस."

तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी फोड उचलली, जरा वेळ हातात धरली आणि शेजारी यजमानांच्या पानात, डाव्या बाजूला, ठेवली.

"का गं?" ते म्हणाले.

"आजपासून सोडलं."