चौकटीवरचा खडू

खडूचा वास आला की ऐंशीच्या दशकातली, ब्रिस्टलजवळच्या आमच्या गावातली ती जानेवारीची सकाळ आठवते. जर्मनीतल्या एका खेड्याशी आमच्या गावाचं 'ट्विनिंग', म्हणजे जोडगावाचं नातं होतं; एकमेकांकडचे पाहुणे घरी उतरायचे. तशाच तिथल्या एक आजी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या सकाळी बाहेरच्या दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेली, न कळणारी अक्षरं नि आकडे दिसले. त्या काळी तिथं आमच्यासारख्या भारतीयांच्या दारांवर लोक शिव्या लिहीत. मी ओल्या फडक्यानं सगळं खसाखसा पुसलं. ब्रेकफास्टला आजी मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "दारावर मी लिहिलं होतं. जानेवारीत घराला आशीर्वाद म्हणून लिहायची आमच्या खेड्यातली रीत, वर्षभर घर राखते. कुणी पुसलं?" "पावसानं," मी म्हणालो. "अहो, पाऊस कुठे पडलाय?" बायको मराठीत पुटपुटली. आजींनी माझी पांढरी झालेली बाही पाहिली आणि उरलेला खडू मुकाट्यानं पर्समध्ये ठेवला. पुसलं मीच, हे आज पहिल्यांदा लिहितोय. चौकट अजून कोरीच आहे.