बिबट्याच्या पोटातला केस

दुसऱ्यांचे नवरे घरी येताना भाजी आणतात. माझे बिबट्याची विष्ठा आणतात. कागदी पाकिटात घालून, वर तारीख टाकून. सुरुवातीला मी चिडायची, आता चिडायचाही कंटाळा आला.

प्रीतम सरांचा, म्हणजे आमच्या यजमानांचा विषयच तो. कोणतं जनावर काय खातं, कुणाला कुठे धरतं आणि ज्याला धरतं ते चरायला कुठे जातं. चितळ कोणत्या महिन्यात कोणता पाला खातं ते ह्यांना झोपेतही सांगता येईल, घरातलं तेल संपलेलं मात्र दिसत नाही. सारं तारुण्य मेळघाटात गेलं. पीएचडी झाली, केस पिकले, तरी अमरावतीच्या कॉलेजात अजून तासिकेवरच. मुलाखतीला जातात, परत येतात, चप्पल काढून गुपचूप गच्चीवर जातात. मी बडनेऱ्याच्या शाळेत नोकरीला आहे म्हणून घर चाललं, हे मी बोलून दाखवते. का नाही दाखवायचं?

काम असं. विष्ठा चाळणीत धुवायची, उरलेले केस आणि हाडांचे तुकडे वाळवायचे आणि तो एकेक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून कोणत्या प्राण्याचा ते ओळखायचं. कॉलेजातली वाळवायची भट्टी कधीची बंद पडली, दुरुस्त कोण करतो? म्हणून उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर एका अंगाला सासूबाईंच्या कुरडया आणि दुसऱ्या अंगाला ह्यांचे ट्रे. "झाकून तरी ठेवत जा हो," मी शंभरदा म्हटलं. झाकलं की वाळत नाही म्हणे.

या मे महिन्यात अकोटकडच्या एका डोंगरपायथ्याच्या गावात पार्बताबाई नावाची म्हातारी बकऱ्या घेऊन वर गेली ती परत आलीच नाही. फाटलेलं लुगडं सापडलं, एक चप्पल सापडली. बाकी काही नाही. गाव पेटलं. जंगलखात्यानं पिंजरा लावला आणि एक बिबट मादी धरली. म्हातारीला खाल्लं ते हिनंच का, हे कसं कळायचं? तिची विष्ठा ह्यांच्याकडे आली. माणसाचा केस निघाला तर मादी जन्मभर पिंजऱ्यात, नाही निघाला तर परत जंगलात.

बकरीचे केस निघाले, वानराचे निघाले. आणि एक लांब, माणसाचा. शनिवारी ह्यांनी जंगलखात्याच्या साहेबांना फोन करून सांगितलं. सोमवारी हुकूम निघणार होता.

रविवारी सकाळी हे चहा घेऊन गच्चीवर गेले. दुर्गाबाई, म्हणजे सासूबाई, मेंदी धुऊन उन्हात केस विंचरत बसल्या होत्या. वारा सुटलेला, ट्रे शेजारीच. ह्यांनी कप तिथेच कठड्यावर ठेवला.

"आई, एक केस दे."

"काहून रे? माह्या केसाले काय झालं?"

खाली येऊन दोन्ही केस शेजारी शेजारी लावून पाहिले. पुन्हा पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संध्या, तो आईचा आहे गं. त्याच्यावर मेंदी आहे." चेहरा पार उतरला होता. मला रागही आला आणि त्यांची कीवही आली.

एवढ्यात दार वाजलं. पार्बताबाईचा मुलगा, जीवन. केस सापडल्याची बातमी गावापर्यंत गेलीच होती. त्याच्या हातात नवं कोरं गाडगं, गाडग्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं.

"सर, मायचा केस द्या. दुसरं तं काहीच भेटलं नाही. गाडग्यात ठेवून नदीत शिरवतो न् मोकया होतो."

ह्यांनी हळूच विचारलं, "तुमची आई डोक्याला मेंदी लावायची का हो?"

"मेंदी? लग्नात हाताले लागली असन तेवढीच."

मग ह्यांनी सगळं सांगितलं. ट्रे, गच्ची, आई. जीवनसमोरच साहेबांना फोन लावला. "साहेब, माझी चूक झाली. तो केस माझ्या आईचा. त्या मादीनं माणूस खाल्ल्याचा पुरावा माझ्याकडे नाही." पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. पुन्हा तुमच्याकडे काही पाठवणार नाही, असं साहेब म्हणाले. हे "बरोबर आहे" म्हणाले.

सासूबाई जिन्यातून ऐकत होत्या. आल्या आणि ओले केस मुठीत धरून म्हणाल्या, "अरे लेकरा, घेऊन जाय हाच केस. म्हातारीचाच तं हाय. तुह्या जिवाले शांती भेटन."

"नाही आजी. तुमी जित्या आहा," म्हणत तो त्यांच्या पाया पडला. मग ह्यांना म्हणाला, "म्हंजे माही माय कोठीच नाही?"

मी चहा टाकला, तो त्यानं घेतला. "सोडा मंग तिले," एवढंच म्हणाला, आणि उठला. दारापर्यंत जाऊन परत आला, गाडगं टेबलावर ह्यांच्या सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवलं.

"सर, तुमी तं नेहमी वर जाता. कधी काही भेटलं तं याच्यात ठेवजा."

मादीला सोडून महिना झाला. ह्यांच्याकडे आता कुणी काही पाठवत नाही, तरी सुट्टी आली की हे डोंगरात जातातच, आणि ते गाडगं सोबत नेतात. संध्याकाळी घरी आले की मी पाकिटांकडे बघत नाही. आधी गाडग्यावरचं फडकं बघते. ते अजून तसंच बांधलेलं आहे.