जपानमधले आमचे हे

काल नातीने, ईशाने, मला एक जपानी सिनेमा दाखवला. एकाच सिनेमात चार गोष्टी, आणि चारही गोष्टींतली माणसं एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. एका गोष्टीत म्हातारा रोज बायकोच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवतो, निघताना तिला वळायला नको म्हणून. बस्स, एवढंच.

"आजी, यात घडलं काय?" ईशाने विचारलं. मी पदराने डोळे पुसत होते.

आमचे हे रोज सकाळी माझी मोपेड फाटकाकडे वळवून ठेवायचे. आणि पंचविशीतली अतिशहाणी मी फणकारायची, "मला वळवता येत नाही असं वाटतं का तुम्हाला?" झाडाभोवती गाणी म्हणणारा नवरा हवा होता ना बाईसाहेबांना! प्रेम अंगणात घाम पुसत उभं असायचं आणि ही बावळट त्याच्यासमोरून भुर्रकन निघून जायची.

सिनेमा संपल्यावर मी ऐटीत व्हरांड्यात गेले. "अहो, जपानमध्ये तुमच्यावर सिनेमा काढलाय."

पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "माझं काम कोणी केलंय?"

"आहे एक. दिसायला तुमच्यापेक्षा बरा. पण नुसत्या चपलाच वळवतो हो. मोपेड काही त्याला झेपली नसती."