तिरपं धसकट

भागिरथाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. तूर दवातच कापावी लागते. ऊन चढलं की शेंगा तडकतात, दाणे मातीत जातात आणि मालक बोलतो. म्हणून चारला चूल, पाचला वावर. नवरा जानराव सोबत असे. मी त्यांचा शेजारी, माणिक. चाळीस वर्षं मंगरूळपीरच्या बाजारात पोती वाहिली. कोण अंग राखून काम करतं, हे मला लांबून कळतं. ही दोघं राखणारी नव्हती.

यंदा त्यांनी चार एकर तुरीची कापणी हुंड्यानं, म्हणजे ठोक रक्कम ठरवून, घेतली. हुंड्याचा नियम साधा: सगळं कापा, मग पैसे. अर्धं टाकलं तर हात हलवत घरी.

तूर जमिनीलगत आडवी कापायची असते. विळा तिरपा मारला की काम लवकर उरकतं, पण मागे राहिलेलं धसकट खिळ्यासारखं टोकदार होतं. जानरावनं घाई केली. वीस डिसेंबरला पेंढी उचलून मागे सरकला आणि स्वतःच कापलेलं धसकट चपलेतून त्याच्या टाचेत घुसलं. अंगात साखर आहे हे ठाऊक असून त्यानं हळद-चुना भरला, फडकं बांधलं आणि आणखी तीन दिवस कापत राहिला. ही त्याची चूक. ती मी झाकणार नाही.

चोवीसला, बुधवारी, ताप चढला. आम्ही त्याला वाशीमच्या एका दवाखान्यात नेलं. लहान डॉक्टरनं सलाइन लावलं.

"जखम उघडून साफ करावी लागेल. ते मोठे डॉक्टर करतील."

"कवा?" भागिरथानं विचारलं.

"सोमवारी. नाताळच्या सुट्या आहेत, मुलांना घेऊन गोव्याला गेलेत."

"मंग अकोल्याले नेऊ का?"

"तिथंही सुट्याच असतील. औषध सुरू आहे ना? थांबा."

आम्ही थांबलो.

मुलगा संघपाल पुण्याला कंपनीत आहे. त्याला सुट्टी मिळाली नाही. गुरुवारी नर्सबाईनं केकचा तुकडा पुढं केला. भागिरथानं तो हातात धरून ठेवला. "सण कोनाचा, सुट्टी कोनाले, अन् पाय कोनाचा," ती म्हणाली. नर्सबाई पुढच्या खाटेकडे गेली.

जानराव म्हणाला, "तू वावरात जाय. एक एकर राह्यली. माणिकभाऊ बसते माह्यापाशी."

"तुमाले असं टाकून?"

"मी काय पळून जातो का?"

ती गेली. शुक्रवार, शनिवार, रविवार. पहाटे एकटीनं कापायची, दुपारच्या एसटीनं यायची, शेवटच्या एसटीनं परत. आली की जानराव विचारायचा, "किती झाली?" आणि लगेच, "तिरपी नोको कापू."

"तुमीच शिकवा आता," ती म्हणायची आणि चादर वर करून पाय पाहायची. टाचेपासूनचा काळेपणा रोज बोटभर वर सरकलेला असायचा. मी नर्सबाईला सांगायचो. नर्सबाई कागदावर लिहायची.

ते वावर मी नंतर पाहिलं. तिच्या एकरात अनवाणी चालता आलं असतं.

सोमवारी अकराला मोठे डॉक्टर आले. पट्टी काढली आणि म्हणाले, "इतके दिवस काय करत होता? आधी का नाही आणलं?"

"आनलं होतं," भागिरथा म्हणाली. "बुधवारपासून इथंच हाये. तुमी नव्हते."

त्यांनी खाटेवरचा कागद उचलला, वाचला, परत ठेवला. त्याच संध्याकाळी पाय गुडघ्याखाली कापला.

ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं. कुबड्या त्या कार्डात बसत नाहीत. मालकानं हुंड्याचे पैसे चोख दिले, काम चोख होतं म्हणून. भागिरथा ते घेऊन वाशीमच्या दुकानात गेली. दुकानदारानं दोन जोड्या काढल्या. तिनं त्या उलट्या केल्या, खालची टोकं अंगठ्यानं चाचपली, आणि ज्यांची सपाट होती त्या घेतल्या.