मागच्या बाकावरच्या सोहनी मॅडम

सोहनी मॅडम गेल्याचा निरोप सकाळी शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा माझी बायको वंदना डबे भरत होती. तिने फोन माझ्या हातात दिला आणि गॅस बंद केला. मग ती म्हणाली, "आता तरी त्यांच्यावरचा संशय सोडा." मी काही कबूल केलं नाही. माणूस गेला म्हणून न जुळलेला हिशेब जुळत नाही, आणि सोहनी मॅडमच्या बाबतीत माझा एक हिशेब कधीच जुळला नव्हता.

शाळा बरखेड्याजवळची, नोकरीसाठी भोपाळला आलेल्या मराठी मंडळींनी काढलेली. आमच्यासारख्यांनीच आपली मुलं इंग्रजीत घातल्यावर मराठी माध्यमाचे दोनच वर्ग उरले. एक वंदनाचा, दुसरा पेंडसे बाईंचा. हे वर्ग हिंदी विभागात मिसळायचे म्हणून समितीने नागपूरहून सोहनी मॅडमना मुख्याध्यापक म्हणून आणलं. त्यांनी आल्या आल्या नवाच नियम काढला. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि मधल्या सुट्टीत चहा घेताना, आपल्याला काय समजलं नाही तेवढंच सांगायचं. कौतुकाला बंदी. "कौतुक घरी करून घ्या," म्हणाल्या. मी कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. आमच्याकडे माणसं कमी करायची असली की आधी कुणीतरी येऊन शेजारी बसतं, हे मी पाहिलेलं. वर्ग मिसळणार, शिक्षिका दोन, जागा एक... वंदनाला म्हटलं, ही छाटणीची तयारी आहे, तू धडा पाठ करूनच जा. तिने खरंच तसं केलं. त्या दिवशी मागे बसलेल्या हिंदी विभागाच्या तिवारी मॅडम चहा पिताना म्हणाल्या, "दीदी, समझ में तो सब आया. बस ये नहीं समझी कि आप हमें पढ़ा रही थीं या बच्चों को!" वंदना घरी येऊन रडली. पेंडसे बाईंनी मात्र वर्गाचं दारच आतून लावून घेतलं. "मला शिकवताना बघायला ही सोहनी कोण?"

एकदा वंदनाला आणायला गेलो असताना मी सरळ मॅडमच्या खोलीत शिरलो. विचारलं, "कुणाला काढायचं ठरलंय?" त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "काळेसाहेब, तुम्ही बायकोची नोकरी करता का?" मी म्हटलं, "घर दोघांच्या नोकरीवर चालतं." त्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "छाटणी होणार नाही." माणूस खरं बोलतो तेव्हा समोर बघतो, अशी माझी समजूत. मी ते वाक्य लक्षात ठेवलं.

पुढे त्यांनी स्वतः गणिताचा तास घेतला आणि सगळ्या शिक्षकांना मागे बसवलं. चहाच्या वेळी तिवारी मॅडम बोलून गेल्या, "मैडम, आप तो बोर्ड से बात करती हैं." सगळ्यांचे कप हातातच राहिले. दुसऱ्या दिवसापासून मॅडम मुलांच्या मधून फिरत शिकवायला लागल्या. वंदना म्हणाली, "बघा, तिवारींना काही झालं नाही." मी म्हटलं, "मार्च येऊ दे." मार्चमध्ये तिवारी राहिल्या. वंदना राहिली, ती आता गणित हिंदीत शिकवते आणि एक तास मराठीचा घेते. पेंडसे बाईंनी मात्र गुडघ्यांचं कारण देऊन राजीनामा दिला. ते गुडघे मला कधीच पटले नाहीत. आमचं घर मात्र त्यामुळेच नीट चाललं... तेही विसरता येत नव्हतं.

मॅडम निवृत्त होऊनही भोपाळलाच, नेहरू नगरात राहिल्या आणि तिथेच गेल्या. तीन आठवड्यांनी आम्ही दोघं तिथून जवळच कोटऱ्याला पेंडसे बाईंकडे गेलो. बाईंनीच विषय काढला. "राजीनामा कसला हो? समितीच्या सेक्रेटरीने कागद आणून दिला, मी सही केली. माझं नाव मृणाल सोहनीनेच दिलं होतं, तो बोलून गेला." वंदना खाली बघत राहिली. मी विचारलं, "मग तुम्ही..."

"मी काय? दार मी लावून घेतलं होतं. आत काय चाललंय ते तिला दिसलंच नाही. वंदनाचं दिसलं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "पण तोंडावर सांगायला हवं होतं. तेच सांगायला यायची ती, दर शनिवारी. इथे बसायची, गुडघ्यांची चौकशी करायची, आपल्या सुनेला नावं ठेवायची, अन् बिनसाखरेचा चहा पिऊन उठून जायची. दाराशी दरवेळी थांबायची. मी मनात म्हणायचे, बोल बाई आता. नाही बोलली."

"तुम्ही विचारायचं," वंदना म्हणाली.

"विचारलं असतं तर यायची थांबली असती."

बाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये चार कप होते. चौथा बिनसाखरेचा, असं सांगून त्यांनी तो बाजूला ठेवला. त्या दिवशी शनिवार होता.