लगेचरावांचं लगेच उत्तर

लगेचरावांनी आयुष्यात कुणाला ताटकळत ठेवलं नाही. काम होवो न होवो, उत्तर हातोहात. ऑफिसात हेच त्यांचं नाव पडलं होतं, खरं नाव उरलं होतं ते पगाराच्या पावतीपुरतं.

धंदा वेबसाइट बनवण्याचा. शहरातल्या संगीतशाळेची प्रवेशाची साइट त्यांच्याच हातची. पूर्वी उमेदवाराने गाण्याचं रेकॉर्डिंग चढवलं की पडद्यावर चक्र गरगरत बसायचं आणि लोक वैतागून बटण बडवत राहायचे. लगेचरावांनी तोड काढली. गाणं साफसूफ करून परीक्षकांकडे पोहोचवायचं जड काम त्यांनी बॅकग्राउंड थ्रेडवर ढकललं. बटण दाबताक्षणी 'मिळालं, धन्यवाद!' असं झळकायचं आणि खरं काम मागच्या मागे चालू राहायचं. साहेबांनी पाठ थोपटली. तिथेच घात झाला, कारण हा मंत्र लगेचराव घरीही वापरू लागले.

बायकोने गळका नळ दाखवला की, "झालाच समज!" नळ गळतच राही.

"तुम्ही 'हो' म्हणालात की मी प्लंबरला फोन लावते," ती म्हणे.

"मग? काम अडलं का कुठे?" उचलली जीभ, लावली टाळ्याला!

मुलीला त्याच शाळेत जायचं होतं आणि वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. कानात हेडफोन, त्यात साथीचे सूर, अशी ती घरीच गायली आणि रेकॉर्डिंग वडिलांच्या फोनवर पाठवलं. "बाबा, मला माझाच आवाज ऐकवत नाही. तुम्ही ऐका. बरं असेल तरच शाळेला पाठवते."

क्षणात उत्तर आलं. "ऐकलं. फारच छान! पाठव."

तिने पाठवलं. पडद्याने धन्यवाद दिले. पोरीचा जीव भांड्यात पडला.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी शाळेचा निरोप आला: रेकॉर्डिंग मिळालेलं नाही, आज संध्याकाळपर्यंत पाठवा.

"शक्यच नाही," लगेचराव हसले. "साइट कोणाची आहे?"

मग त्यांनी सर्व्हर उघडून पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं. जेवायला उठताना सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायची त्यांना जुनी खोड. मशीनलाही जरा ताजंतवानं वाटतं, म्हणायचे. पण मागे चाललेली सगळी कामं त्या सर्व्हरच्याच पोटात. तो बंद झाला की अर्धवट कामं जागीच मरतात, आणि बोंब मारायलाही कुणी उरत नाही. मुलीने बटण दाबलं होतं ते नेमकं जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. आपलेच दात, आपलेच ओठ!

"मी तर फोनमधून काढूनही टाकलं," मुलगी रडकुंडीला आली. "मिळालं म्हणून आलं होतं ना पडद्यावर!"

"माझ्याकडे आहे की! आत्ता पाठवतो," लगेचराव म्हणाले, अर्थातच लगेच.

ते आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि ते गाणं पहिल्यांदा लावलं. पोर खरंच सुरेल गात होती. असं गाते ही? कधीपासून? सूर हळूहळू वर चढत गेला, अगदी नाजूक जागी येऊन थांबला, आणि त्या रेकॉर्डिंगातच शेजारच्या खोलीतून कुणी बाप्या फोनवर ओरडला, "अहो साहेब, काळजी कसली करता? मागे चालू आहे!"

त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आवाज त्यांचाच होता.

ते बाहेर आले. मुलगी दाराशीच उभी होती.

"पाठवलं?"

"नाही. तू पुन्हा गा. अजून वेळ आहे. मी फोन बंद करून इथेच बसतो."

"का? काय झालं त्याला?"

"मध्येच माझा आवाज आलाय. मोठ्याने."

"मग तेव्हा ऐकलंत, तेव्हा छान कसं वाटलं?"

लगेचरावांनी तोंड उघडलं. स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला आणि तीही कान देऊन उभी राहिली. दोघी बराच वेळ वाट बघत होत्या.