रमणनानांची दोन टिपणं

नाना गेले तेव्हा ते सरकारी कागदावर आरोपी होते.

आज वर्ष झालं.

रमणनाना आमच्या पालिकेत लेखापाल. मी त्यांच्या हाताखालची क्लार्क. माणूस तापीकाठच्या गुजर घरातला, घरी केळीची बाग, पण जीव सगळा ऑफिसात. माझं व्हाउचर चुकलं तर ओरडायचे नाहीत. कागद माझ्याकडे सरकवायचे आणि चष्मा काढून बसायचे. ते जास्त लागायचं.

गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

स्टँडपासून बायपासपर्यंत सिमेंटचा रस्ता करायचा आणि त्यावर सिटी बस चालवायची, असं ठरलं. खर्चाचा मोठा हिस्सा सरकार देणार, उरलेला पालिकेने घालायचा.
पालिकेकडे नव्हता. म्हणून कर्ज.

तारण काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातल्या गाळ्यांचं भाडं. सगळी वसुली आधी बँकेच्या एका वेगळ्या खात्यात जाणार. तिथे हप्ता कापला जाणार. उरेल ते आपलं.

माझं माहेर विसरवाडी. हायवेवर वाढलेली मी. रस्ता आला की गाव वर येतं, एवढंच मला ठाऊक. मी तर खूश होते.

नानांनी टिपण दिलं. हप्ता कापल्यावर पगाराला पैसे पुरणार नाहीत, कर्ज घेऊ नये.

मुख्याधिकारी साहेबांनी नानांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.
"नाना, तुमच्या एका ओळीपायी सरकारचा पैसा परत जाईल. लोक तुम्हाला विचारतील."
"साहेब, निम्मी वसुलीसुद्धा होत नाही आपली."
"रस्ता झाला की होईल ना! तसं लिहा."

नाना तीन दिवस वसुलीची रजिस्टरं उलटत बसले.
चौथ्या दिवशी दुसरं टिपण. 'परतफेड शक्य आहे.' खाली सही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

त्यांनीच सांगितलं, "माले बी वाटनं पोरी, रस्ता व्हई जाई ते लोकेसनं भलं व्हई."

रस्ता अर्ध्यावर आला आणि थांबला. खर्च वाढला होता.
बस आल्या. नारळ फुटले, फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत डिझेलला पैसे उरले नाहीत. आता त्या शेडमध्ये उभ्या आहेत.

हप्ता मात्र कधी चुकला नाही. तो आधीच कापला जायचा.
चुकले ते सफाई कामगारांचे पगार. एक महिना. मग तीन. मग पाच.

नाना तोवर निवृत्त झाले होते. पेन्शनच्या कागदांसाठी आले होते त्या दिवशी सुमनबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या ऑफिससमोरचा रस्ता तीच झाडते.
"नाना, नवराले सुरतले दवाखानामा लई जावानं शे. दुकानदार उधार देस नही आते. गाडीभाडं बी नही. पालिकामा पैसाच नही का?"

नानांनी खिशात होतं ते तिच्या हातावर ठेवलं. ती सुरतला गेलीही. पण उपचाराच्या दोन तारखा त्याआधीच चुकल्या होत्या.
नवरा त्याच महिन्यात गेला.

नाना अंत्ययात्रेला गेले. दुसऱ्या दिवशी घरी जपून ठेवलेली पहिल्या टिपणाची झेरॉक्स बाहेर काढली, कामगार युनियनला नेऊन दिली. सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब. दबाव आला म्हणून मी मत बदललं, सही माझी आहे, चूकही माझी आहे.

मी म्हटलं, "नाना, अंगाशी येईल हो."
"येऊ दे. त्या बाया कोठे जातीन?"

प्रकरण जिल्ह्याला गेलं. बँकेशी बोलणी झाली, हप्ते लांबवले गेले. वसुलीतून आधी पगार, मग हप्ता, असं ठरलं. दिवाळीआधी कामगारांचं थकलेलं सगळं मिळालं.

आणि नानांवर चौकशी बसली. खोटं टिपण देऊन पालिकेला कर्जात घातल्याची.
साहेबांची बदली कधीच झाली होती. कागदावर सही एकट्या नानांची. पेन्शन अडली.

ऑफिसच्या फाइलमधून पहिलं टिपण गायब होतं. चौकशी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं.
"असं टिपण खरंच होतं? का ही झेरॉक्स त्यांनी मागाहून तयार केली?"

ते टिपण मी टाइप केलं होतं. दुसरंही मीच.

मी म्हणाले, "आठवत नाही."

नाना बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं. मी बाहेर आले तशी माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं करं तू. तुन्ही नोकरी शे, तुले लेकरं शेतस."
दोन महिन्यांनी हार्ट अटॅक. घरीच.

सुमनबाई नानांच्या घरी आली होती. काकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, पायाशी बसून म्हणाली, "मन्हा नवरा ते गया, पन बाकीसनं घर नानानी वाचाडं."
मी दाराशी उभी होते. आत जाता आलं नाही.

चौकशी पुरी झाली नाही म्हणून काकूंची फॅमिली पेन्शन अजून सुटलेली नाही. वर्षभरात त्यांनी मला एकदाच विचारलं, तेही चहा देता देता.
"तुले खरंच याद नही का वं?"

आज सकाळी मी लेखी जबाब देऊन आले. टिपणं दोन होती. दोन्ही मी टाइप केली. मागच्या वेळी मी खोटं बोलले. आवकचा शिक्का मारून घेतलाय.
आता नोटीस मलाही येईल. येऊ दे.
काकूंचे पैसे सुटतील का, ठाऊक नाही.

नाना, माफी मागायला तोंड नाही.
मनापासून श्रद्धांजली. नमस्कार तेवढा घ्या.